सासूबाई शाकाहारी, मुलगा सहा वर्षांचा: मेक्सिकोत खायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात बारा दिवस मेक्सिकोला जायचंय: मेक्सिको सिटी, पुएब्ला आणि वाहाका. सोबत सगळं खाणारा नवरा, अकरा वर्षांची मुलगी, तिखटाला हात न लावणारा सहा वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना अंडंही चालत नाही आणि त्यांचा गुरुवारचा उपास असतो. "तिथे सगळीकडे मांसच असतं म्हणतात. खाकरे, ठेपले, भाजणी किती न्यावी? की प्रत्येक गावात आधीच भारतीय हॉटेल शोधून ठेवावं?"

खाकऱ्याचं एक पाकीट न्या, विमानात लागेल. भारतीय हॉटेल शोधत बसू नका. गेली बारा वर्षं मी मराठी कुटुंबांचे छोटे गट घेऊन याच तीन गावांत जाते आणि बहुतेक वेळा सगळ्यांत जास्त रमतात त्या सासूबाईच. पहिल्याच दिवशी त्यांना बाजारात न्या. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या निवडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना तिथे पालेभाजीचा ढीग दिसतो आणि त्यात घोळ असते, माठ असतो. या रानभाज्यांना तिकडे 'केलीतेस' म्हणतात. घोळीचं नाव 'बेर्दोलागास', राजगिऱ्याच्या पाल्याचं 'किंतोनील'. शेजारी भोपळ्याची फुलं, पपई, पेरू, रताळी, भुईमूग. चिकू हे नावसुद्धा त्यांच्या 'चिकोसापोते'वरून आलेलं. मिरची, टोमॅटो, मका ही मंडळी तिथलीच, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी जगभर गेलेली. उलट चिंच आणि आंबा आपल्या बाजूने तिकडे पोचले. त्यामुळे या बाजारात परकं वाटायला फारसं कारण उरत नाही.

आता पहिली गोष्ट, जी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. दिवस जेवणाभोवती बांधा. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं, त्याला 'कोमीदा' म्हणतात. आपली कुटुंबं हॉटेलात सकाळी पोटभर नाश्ता करतात, दुपारी संग्रहालयाच्या आवारात सँडविचवर भागवतात आणि रात्री आठला, पोरं पेंगुळलेली असताना, जेवणाची जागा शोधत फिरतात. मग सगळ्यांची चिडचिड होते आणि दोष मेक्सिकन जेवणाला दिला जातो. तुम्ही सकाळी फळं आणि काहीतरी हलकं खा, बरोबर दोनला एखाद्या 'फोंदा'त जाऊन बसा, आणि रात्री चॉकलेट आणि पाव एवढ्यावर भागवा. फोंदा म्हणजे आपली खाणावळ. दारात फळ्यावर किंवा कागदावर आजचा बेत लिहिलेला असतो: आधी सूप, मग भात किंवा शेवया, मग एक मुख्य पदार्थ, सोबत गरम तोर्तिया (तिथली पातळ पोळी) आणि फळांच्या सरबताचा जग. हे ठरलेलं ताट, 'कोमीदा कोर्रीदा'. एकाच टेबलावर पाच ताटं वेगवेगळी मागवा आणि वाटून खा. शेजारच्या टेबलावरून उठून जाणारा अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून "बुएन प्रोवेचो" म्हणेल. आपल्या पंगतीत "सावकाश होऊ द्या" म्हणतात ना, अगदी तेच. मुलांना हे उलट म्हणायला शिकवून ठेवा, ती दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून म्हणू लागतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण जेवणानंतर हात वाळेपर्यंत गप्पा मारत बसणं हा तिथे जेवणाचाच भाग आहे. त्याला स्वतंत्र शब्द आहे, 'सोब्रेमेसा'.

शाकाहाराचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे माझ्याकडूनच एकदा मोठी चूक झाली. अगदी पहिल्या वर्षी गटात एक आजी होत्या. एका घरगुती खाणावळीत त्यांना घोटलेला काळा घेवडा इतका आवडला की तीन दिवस त्यांनी तोच खाल्ला. चौथ्या दिवशी मी कृती विचारायला स्वयंपाकघरात गेले, तर शेगडीशेजारी पांढऱ्या चरबीचा डबा. डुकराची चरबी, 'मांतेका'. त्या बाईंनी काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. मी बाहेर येऊन आजींना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ताट हळूच पुढे सरकवलं आणि पाणी मागितलं. तेव्हापासून बसायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारते.

तुम्हीही विचारा. एवढी वाक्यं पाठ करा, शक्यतो मुलीकडून करून घ्या, मुलं उच्चार पटकन पकडतात. "सोय बेहेतारियाना" म्हणजे मी शाकाहारी आहे. तेवढ्यावर थांबू नका. 'कार्ने' या शब्दाचा अर्थ अनेकांच्या मनात गोमांस किंवा लाल मांस एवढाच असतो, त्यामुळे कार्ने नको म्हटलं की चिकन नाहीतर हॅम पुढे येतं. म्हणून पूर्ण म्हणा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि वेवो." मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडं नाही. मग दोन प्रश्न: "येवा मांतेका?" चरबी आहे का? आणि "येवा काल्दो दे पोयो?" कोंबडीचं पाणी आहे का? हा दुसरा प्रश्न भात आणि सुपासाठी, कारण खाणावळीतला लालसर भात बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात किंवा त्याच्या मसाल्यात शिजवलेला असतो. विचारलं की लोक खरं सांगतात. नसेल तर दुसरं काय करून देता येईल तेही सुचवतात.

घेवड्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. 'रेफ्रितोस' म्हणजे घोटून परतलेला, त्यात चरबीची शक्यता मोठी. 'दे ला ओया' म्हणजे मडक्यात नुसता शिजवलेला, त्यात कांदा आणि 'एपासोते'ची उग्र वासाची पानं. पोटात वायू धरू नये म्हणून ती घालतात, आपण ओवा-हिंग घालतो तशी. दुसरा प्रकार मागा, तोही विचारून. तामाल म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, त्यातही चरबी फेटून घातलेली असते, त्यामुळे तो सासूबाईंसाठी नाही. चीज खायचं का, हे घरूनच ठरवून निघा. वाहाकाचं दोऱ्यासारखं गुंडाळलेलं 'केसियो' अप्रतिम असतं, पण दूध साखळवायला वापरलेलं 'कुआहो' अनेकदा प्राण्यांपासून मिळवलेलं असतं. काही घरांत हे चालतं, काही घरांत नाही.

आणि आता दिलाशाची बाब: मक्याच्या तोर्तियात फक्त मका, चुना आणि पाणी असतं. गव्हाच्या तोर्तियात चरबी असू शकते, मक्याच्या नाही. मक्याची मागा म्हणजे सासूबाईंच्या ताटाचा पाया पक्का झाला.

या चुन्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मेक्सिकोचं सगळं जेवण त्यावर उभं आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी सालं सुटतात, दाणे धुऊन ओलेच दळतात. अशा मक्याला 'निक्स्तामाल' म्हणतात. चुन्यामुळे पीठ लवचिक होतं, म्हणून आपल्याकडच्या मक्याच्या कोरड्या पिठाची तोर्तिया होत नाही, कडा फाटतात. शिवाय मक्यात अडकून राहिलेलं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही. जिथे गरीब माणसं जवळजवळ मक्यावरच जगत होती तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही मका आणि ही चुन्याची रीत मध्यवर्ती आहे. तुम्हाला मात्र ती आधी नाकाला कळेल. सकाळी एखाद्या 'तोर्तियेरिया'वरून जाताना ओल्या मातीसारखा, किंचित गोडसर वास येतो. तिथे तोर्तिया किलोवर मिळतात, कागदात गुंडाळून. लहान मूल सोबत असेल तर एक गरम तोर्तिया मीठ भुरभुरून, सुरळी करून त्याच्या हातात ठेवायची पद्धत आहे. आपण तूप-मीठ लावून पोळीची सुरळी देतो, तशी. तुमच्या मुलाचा पहिला मेक्सिकन घास हाच होऊ द्या.

मेक्सिको सिटीत सासूबाईंना 'त्लाकोयो' खाऊ घाला. कोपऱ्याकोपऱ्यावर बायका कोळशाच्या शेगडीवर पत्र्याचा तवा ठेवून बसलेल्या असतात. शेजारी ओल्या फडक्याखाली निळ्या मक्याचं पीठ. एकदा एका बाईंचे हात मी बराच वेळ बघत उभी होते. पिठाचा गोळा तळहातावर, अंगठ्याने मधे खळगा, त्यात वाटलेल्या दाण्यांचं सारण, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर अलगद थापत त्याचा होडीसारखा लांबट आकार. थापण्याचा आवाज थेट भाकरीचा. तेल नाही, नुसतं भाजायचं. वरून निवडुंगाच्या पानांचे काटे काढून शिजवलेले तुकडे, 'नोपालेस', आणि कांदा-कोथिंबीर. निवडुंग ऐकून दचकू नका. चव आंबटसर आणि बुळबुळीतपणा भेंडीचा. आपल्याकडे बांधावर फड्या निवडुंग असतो, त्याच्याच कुळातला. सारण विचारून घ्या: 'फ्रिहोल' म्हणजे घेवडा (त्यात चरबी असू शकते), 'आबा' म्हणजे बाकला.

भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया, तीसुद्धा इथेच. एक सूचना मात्र: राजधानीत केसादिया म्हटलं की त्यात चीज असेलच असं नाही, हवं असेल तर "कोन केसो" म्हणावं लागतं. बाकीच्या देशातले लोक यावरून राजधानीवाल्यांशी वाद घालतात. चीज नको असलेल्यांची मात्र यात सोयच होते.

मुलांची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा कमी लागेल. मेक्सिकोत बरंचसं तिखट शिजवताना न घालता टेबलावर साल्साच्या वाटीत वेगळं येतं. मुलासाठी केसादिया, शेवयांचं सूप, मीठ घातलेला आवोकादो, तळलेली केळी आणि 'आर्रोस कोन लेचे', म्हणजे दालचिनी घातलेली तांदळाची खीर, एवढ्यावर तो बारा दिवस आनंदात राहील. "पिका?" असं विचारायचं, म्हणजे तिखट आहे का. उत्तर "नो पिका" आलं तरी आधी जिभेला लावून बघा, कारण त्यांचं तिखट नसलेलं आपल्या सहा वर्षांच्या पोराला झोंबू शकतं. मिठाईसुद्धा तपासा. चिंचेच्या गोळ्यांना मीठ आणि मिरची लावलेली असते. मुलाला त्या चालणार नाहीत, पण मुलगी दुसरं पाकीट मागेल. संध्याकाळी चौकात उकडलेल्या मक्याच्या दाण्यांचे पेले मिळतात, 'एस्कीतेस'. त्यात मेयोनीज, चीज, लिंबू आणि मिरचीपूड घालतात, पण विक्रेता समोरच तयार करतो, त्यामुळे प्रत्येकाला हवं तसं सांगता येतं. मेयोनीजमध्ये अंडं असतं, सासूबाईंच्या पेल्यात लिंबू-मीठ-मिरची सांगा. पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर खातो त्या कणसाची आठवण त्यांना तिथे नक्की येईल.

गुरुवारची चिंता तर सोडूनच द्या. राजगिऱ्याची लाही मधात किंवा गुळात घोळून केलेली वडी मेक्सिकोत रस्तोरस्ती मिळते. नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. वर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, मनुका. राजगिरा हे तिथलं प्राचीन धान्य, आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत. आपल्या उपासाच्या डब्यातली चिक्की तिथल्या भर चौकात बघून एक आजी मला म्हणाल्या होत्या, "अगं, हे लोकसुद्धा उपास करतात का?" रात्री राजधानीत एक लांबलचक, कर्कश शिट्टी ऐकू येईल. ती रताळेवाल्याच्या गाडीची, भट्टीच्या वाफेवर वाजते. भाजलेलं रताळं, पेरू, पपई, केळी आणि पाण्यातलं चॉकलेट: उपास थाटात पार पडतो.

चॉकलेटसाठी वाहाका. मिना नावाच्या रस्त्यावर शिरलात की वासावरूनच कळतं. गिरणीत भाजलेला कोको, साखर, दालचिनी आणि बदाम तुमच्या समोर, तुम्ही सांगाल त्या प्रमाणात दळून देतात. गरम, चकचकीत लगदा खाली पडतो तेव्हा मुलांना तिथून हलवणं कठीण होतं. चॉकलेट प्यायचं ते पाण्यात किंवा दुधात, आणि घुसळायचं 'मोलिनियो'ने. ही आपली रवीच: लाकडी दांडा, खाली नक्षीचं डोकं, दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवायची. सासूबाईंना एकदा फिरवू द्या, फेस कसा आणायचा हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. सोबत येणाऱ्या 'पान दे येमा'त अंड्याचं पिवळं असतं, त्यामुळे त्यांच्यासाठी साधा 'बोलियो' मागा. अंड्याचं मात्र त्याही पावाबद्दल विचारून घ्या.

मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या वाटणाचा दाट रस, हा विषय मोठा आहे. वाहाकात सात मोले मोजतात, पुएब्लाचा आपला वेगळा. चव समजावून सांगायची तर काळा मसाला आठवा: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कुणाला मंद आच, कुणाला जळण्याच्या काठापर्यंत, आणि मग सगळं एकत्र वाटायचं. काळ्या मोलेत सुक्या मिरच्या जवळजवळ कोळसा होईपर्यंत भाजतात. त्यात तीळ, बदाम, मनुका, मसाले, भाजलेली तोर्तिया आणि शेवटी थोडं चॉकलेट. तिखट, गोड, कडू एकामागून एक येतात. बाजारात मोलेच्या ओल्या वाटणाचे डोंगर रचलेले असतात आणि विक्रेत्या बाई तोर्तियाच्या तुकड्यावर चव देतात. ताटात मात्र मोले कोंबडीच्या पाण्यात सैल केलेला असतो. काही ठिकाणी भाज्यांच्या पाण्यातला करून देतात, आधी विचारा. वाटणात चरबी नाही याची खात्री करून पाव किलो घरी आणलंत तर पुण्यातही भाताबरोबर, बटाट्याबरोबर उत्तम लागतं.

नवऱ्यासाठी फार सांगत नाही, त्याला सगळं मिळेल. फक्त गोमांस टाळत असाल तर 'रेस' हा शब्द लक्षात ठेवा, तो गाई-बैलाचा. 'बिस्तेक', 'सुआदेरो' आणि वाहाकातलं 'तासाहो' हेही तेच. 'पुएर्को' आणि 'सेर्दो' म्हणजे डुक्कर. फिरत्या सळईवरचे 'आल पास्तोर' टाको डुकराचेच असतात. 'सेसीना' मध्य मेक्सिकोत सहसा गोमांसाची, वाहाकात मिरची लावलेली डुकराची. वाहाकात 20 नोव्हेंबर नावाच्या बाजारात धुराने भरलेली एक आख्खी गल्ली भाजलेल्या मांसाची आहे. तिथे त्याला एकट्याला तासभर सोडा आणि तुम्ही शेजारच्या खाणावळीत 'एन्फ्रिहोलादास' मागवा. काळ्या घेवड्याच्या दाट रसात बुडवलेल्या तोर्तिया, त्यात आवोकादोच्या पानांचा बडिशेपेसारखा सुगंध. (चरबीचा प्रश्न इथेही.)

तब्येतीचं: मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे, पहिल्या रात्री पचन मंदावतं. त्या रात्री सूप, फळं एवढंच घ्या. नळाचं पाणी दात घासायलाही वापरू नका. खाणावळीतलं सरबत सहसा मोठ्या बाटल्यांतल्या शुद्ध पाण्याचं असतं, तरी विचारायला हरकत नाही. लाल अंबाडीच्या बोंडांचं 'आग्वा दे हमायका' जरूर प्या. रस्त्यावर खायचं तर जिथे गर्दी आहे आणि पदार्थ समोर तव्यावरून येतोय तिथेच. कापून ठेवलेली फळं सासूबाई आणि मुलाला देऊ नका, सोलायची फळं द्या.

डिसेंबरात काही गोष्टी ताज्या मिळणार नाहीत. कणसावरची काणी, जी तिथे 'वित्लाकोचे' नावाने चवीने खातात, ती पावसाळ्यातली. पुएब्लाची अक्रोडाच्या पांढऱ्या रसातली भरली मिरची साधारण जुलै ते सप्टेंबरची. पण बेत बदलता आला तर 23 डिसेंबरला वाहाकात असा. त्या रात्री मुख्य चौकात मुळ्यांवर कोरलेल्या मूर्तींची स्पर्धा असते, 1897 पासून चालत आलेली. जवळच्या टपऱ्यांवर गुळाच्या पाकातले पातळ, कुरकुरीत 'बुन्युएलोस' मातीच्या ताटलीत देतात आणि खाऊन झालं की ती ताटली जमिनीवर आपटून फोडायची असते, वर्ष चांगलं जावं म्हणून. पिठात बहुधा अंडं असतं, तेव्हा ताटल्या मुलांच्या. सासूबाईंसाठी 'पोन्चे' घ्या: पेरू, ऊस, चिंच, दालचिनी आणि तिथल्या ढेपेच्या गुळात उकळलेला गरम रस. मागताना "सिन पिकेते" म्हणा, म्हणजे दारूविना देतील. पेला कडक तापलेला असतो, त्यांना शालीच्या पदरात धरून प्यायला सांगा. तळाशी शिजलेला पेरू असतो, तो चमच्याने खायचा.